अंत्यविधी साहाय्य (शासकीय)

मृताच्या दहनाचा किंवा दफनाचा खर्च भागवण्यासाठी शासनाने, अथवा शासनाने स्थापन केलेल्या मंडळाने वा महामंडळाने, दिलेली रोख रक्कम. नुकसानभरपाई, विमा व कुटुंब निवृत्तिवेतन यांहून ते वेगळे. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत (१९९५) दारिद्र्यरेषेखालील घरातील कर्त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर मिळणारे २०,००० रुपये पुष्कळदा याच सदरात मोजले जातात. परंतु ती रक्कम मिळकत थांबल्याबद्दलची आहे, सरणाच्या खर्चाची नव्हे. म्हणून ती येथे धरलेली नाही.

अनाथ प्रेताचा संस्कार करणे हे मोठे पुण्य होय, असे स्मृतिग्रंथांत, विशेषतः पराशरस्मृतीत, सांगितले आहे. तो उपदेश खांदा देणाऱ्याला आहे, राजाच्या खजिन्याला नाही. त्यामुळे आजच्या साहाय्याचे मूळ तेथपर्यंत नेणे ओढाताणीचे होईल. भारतातील तरतुदीचा उगम दोन ठिकाणी शोधता येतो. पहिले ठिकाण १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. त्याच्या कलम ८ नुसार मालकाने आयुक्तांकडे भरलेल्या भरपाईतून अंत्यविधीचा प्रत्यक्ष खर्च, ५० रुपयांच्या मर्यादेत, वजा करून तो करणाऱ्याच्या हाती दिला जाई. म्हणजे पैसा कुटुंबाचाच; कायदा फक्त उसनवारी फेडून देत असे. १९९५ च्या दुरुस्तीने हा हिशेब उलटला. कलम ४ मध्ये नवे उपकलम आले आणि भरपाईखेरीज वेगळे १,००० रुपये भरणे मालकावर बंधनकारक झाले. २००० मध्ये ही रक्कम २,५०० झाली. २००९ च्या दुरुस्तीने ‘किमान ५,००० रुपये’ अशी शब्दरचना केली आणि ठरावीक रकमेची जागा किमान मर्यादेने घेतली. हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे.

दुसरे ठिकाण आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९६४ चा १२१ क्रमांकाचा करार. कामावरील दुखापतीने मृत्यू आल्यास नेहमीच्या अंत्यविधीच्या खर्चाहून कमी नसेल इतकी रक्कम द्यावी, असे त्यात म्हटले आहे. कर्मचारी राज्य विमा कायद्यात (१९४८) मुळात अंत्यविधीची तरतूद नव्हती. ती १९६६ च्या दुरुस्तीने आली. दोन वर्षांचे हे अंतर पाहता संबंध जोडण्याचा मोह होतो. तथापि भारताने हा करार अनुसमर्थित (स्वतःवर बंधनकारक म्हणून मान्य) केलेला नाही, आणि विमा कायद्यातील शब्दयोजना कराराशी जुळण्याऐवजी १९२३ च्या कायद्याशी जुळते: खर्च ‘प्रत्यक्ष करणारी व्यक्ती’ दोन्हीकडे आहे, करारात नाही. देशी कायद्याचा वारसा हाच पक्ष अधिक संभाव्य वाटतो.

रक्कम कोणाला, हा या विषयातील खरा पेच आहे. विमा कायद्याच्या कलम ४६ नुसार पहिला हक्क कुटुंबातील हयात असलेल्या सर्वांत वडील व्यक्तीचा. विमाधारकाला कुटुंब नसेल किंवा तो मृत्यूसमयी कुटुंबासोबत राहत नसेल, तर ज्याने खर्च केला त्याचा. मग तो खोलीतला भागीदार असो की मुकादम. रूढीत अग्नी देणाऱ्याला मान असतो, कायद्यात वयाला. मडके घेऊन पुढे चालणारा मुलगा आणि रक्कम घेणारी त्याची आई, असे चित्र त्यामुळे सहज संभवते. दावा मृत्यूपासून तीन महिन्यांत करावा लागतो. मुदत वाढवून मिळू शकते. कमाल रक्कम १९८९ च्या दुरुस्तीपासून केंद्र सरकारच्या नियमांनी ठरते व ती १५,००० रुपयांपर्यंत आली आहे. १९२३ व १९४८ च्या दोन्ही कायद्यांची जागा नोव्हेंबर २०२५ पासून २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असून हीच तरतूद आता तिच्यात आहे.

वेळेची अडचण मात्र सर्व योजनांना सारखीच. तिरडीचे बांबू, सुतळी, कोरे कापड, मडके, गोवऱ्या, राळ हे मयतीचे सामान तासाभरात आणावे लागते, आणि सरणाला सुमारे ३०० किलो लाकूड. दुकानदार क्वचितच पावती देतो. दिली तरी ती कोण जपून ठेवतो? स्मशानात डॉक्टरचा दाखला दाखवून काम होते, पण अर्जाला लागते ते मृत्यू नोंदणीचे प्रमाणपत्र, आणि नोंदणीला १९६९ च्या कायद्याने २१ दिवसांची मुदत आहे. म्हणून साहाय्य म्हटले तरी व्यवहारात ती परतफेड असते.

महाराष्ट्रात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदणीकृत कामगाराच्या अंत्यविधीसाठी १०,००० रुपये देते. निधी बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकरातून येतो. नोंदणी वेळेवर नूतनीकृत नसेल तर दावा अडतो.

काही राज्यांनी श्रमाशी असलेला संबंध तोडून केवळ गरिबी हा निकष धरला. बिहारची कबीर अंत्येष्टी अनुदान योजना (३,००० रुपये), पश्चिम बंगालची समव्यथी (२,००० रुपये) आणि ओडिशाची हरिश्चंद्र साहाय्यता योजना (२०१३) ही त्याची उदाहरणे. शेवटचे नाव मराठी वाचकाला लगेच उमगते: रोहिदासाच्या दहनाचा कर द्यायला तारामतीजवळ काही नव्हते, आणि कर मागणारा होता स्मशानात राबणारा तिचाच पती. बिहारमध्ये रक्कम ग्रामपंचायतीमार्फत देण्याची रीत आहे. वेळेच्या अडचणीवरचा तो जवळचा उपाय होय.

बेवारस प्रेतांचा प्रश्न वेगळा पडतो. त्यांची विल्हेवाट हे महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या कामांच्या अनुसूचीतच नमूद आहे. मृतदेहाच्या प्रतिष्ठेचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा (१९९५) व आश्रय अधिकार अभियान (२००२) या प्रकरणांत मान्य केला. दुसरे प्रकरण बेघरांच्याच अंत्यविधीचे होते. येथे अर्ज करणारे कोणी नसते, म्हणून रक्कमही कोणाच्या नावे निघत नाही.