तापलेला किराणा: टाकायचा की ठेवायचा?

काचेच्या बरणीत पीठ आहे आणि बरणी दिवसभर उन्हात राहिली, तर संध्याकाळी झाकणाची आतली बाजू बघा. बरेचदा तिथे बारीक थेंब जमलेले असतात, आणि काचेला चिकटून पिठाची पातळ खपली धरलेली असते. हे पाणी बाहेरून आलेलं नसतं. हाताला कोरडं लागणाऱ्या पिठातही वजनाच्या १२ ते १४ टक्के पाणी असतंच. किलोभर पिठात ते अर्ध्या पेल्याच्या वर भरेल. उन्हानं त्यातलं थोडं वाफ होऊन वर येतं, आणि ऊन उतरलं की जो भाग आधी गार होतो त्याला जाऊन चिकटतं.

बंद गाडीत विसरलेल्या पिशव्या असोत, शेगडीच्या वरच्या कपाटातले डबे असोत की पत्र्याखाली तापलेली साठवणीची खोली, सगळे एकच विचारतात: ‘इतकं तापलं, आता हे खायचं का?’ मला वाटतं, किती तापलं हे नंतर विचारावं. आधी बघावं ते पाणी. पदार्थात जंतूंना वापरता येईल असं पाणी किती आहे, आणि तापल्यामुळे ते कुठे सरकलं का?

अन्नशास्त्रात यासाठी ‘जलसक्रियता’ नावाचं माप आहे. शुद्ध पाण्याची जलसक्रियता १. बहुतेक जिवाणूंना वाढायला ०.९१ च्या वर लागते. विषबाधा करणाऱ्या जंतूंमध्ये सर्वांत कमी पाण्यावर वाढणारा स्टॅफिलोकोकससुद्धा ०.८५ च्या आसपास थांबतो. काटक बुरशी आणखी खाली येते, पण ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही. दूध पावडर ०.२ ते ०.३ च्या घरात असते. मधात पाणी दिसतं खरं, पण साखरेनं ते इतकं बांधून ठेवलेलं असतं की मधही ०.६ च्या जवळपास येतो.

‘५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा’ हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो. तो ओल्या अन्नाचा आहे. शिजवलेला भात ४० अंशांवर काही तासांत धोकादायक होतो. कोरडे तांदूळ त्याच जागी आठवडाभर राहिले तरी त्यांत जंतू वाढत नाहीत, कारण वाढायला पाणीच नाही. उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. वाढत नाहीत म्हणजे मरतात असं नाही. साल्मोनेला हा विषबाधेचा जंतू कोरड्या पदार्थात असला तर ओल्या पदार्थातल्यापेक्षा उष्णतेला कमीच दाद देतो. ‘एवढं तापलं, म्हणजे जंतू मेलेच असतील’ हा भरवसा धरून कच्चं पीठ चाखू नये.

आता त्या झाकणावरच्या थेंबांकडे परत. सगळ्या बरणीची सरासरी कोरडीच असते, पण थेंब जिथे पिठात उतरतो तिथे जलसक्रियता १ च्या जवळ जाते. बुरशीला तेवढी जागा पुरते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले. कारण सापडेना म्हणून त्या रोगाला ‘टर्की एक्स’ म्हणू लागले. शोध घेता घेता माग शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचला. तिच्यात ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती. तिनं तयार केलेल्या विषाला पुढे ॲफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं. ही बुरशी २५ ते ३७ अंशांच्या उबेत जोमानं वाढते, आणि तिचं विष घरच्या भाजण्या-शिजवण्यानं नाहीसं होत नाही. म्हणून पिठात ओलसर गुठळ्या, धान्याला कुबट वास, शेंगदाण्यांवर हिरवट-पिवळी भुकटी यांतलं काहीही दिसलं तर वरचा थर काढून खालचा ठेवू नका, सगळंच टाका. साखर किंवा मिठाचे खडे झाले असतील तर ती नुसती दमट हवेची करामत. ते फोडून वापरा.

थेंब दिसले, पण वास आणि रंग चांगला असेल, तर? धान्य किंवा डाळ असेल तर मी लगेच ताटात पातळ पसरून हवेशीर जागी कोरडी करते, डबा पुसून सुकवते आणि पूर्ण गार झाल्यावरच भरते. गरम माल घट्ट डब्यात कोंडला की तेच थेंब पुन्हा जमतात. उबेत किडेही भराभर वाढतात, तेव्हा पुढचे काही आठवडे डबा मधूनमधून उघडून जाळी धरली आहे का ते पाहावं.

पाण्याचा प्रश्न मिटला की उरते निव्वळ उष्णता. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अर्‍हेनियस यांनी १८८९ मध्ये रासायनिक क्रियांचा वेग तापमानाशी कसा बांधलेला असतो ते मांडलं. त्यावरून एक ठोकताळा निघाला आहे: दर १० अंशांना वेग साधारण दुप्पट. घरी हा हिशेब फार कामाला येतो. पदार्थ २० अंशांवर टिकावा असा बनवला आहे आणि तो दोन दिवस सलग ५० अंशांवर राहिला, असं धरा. तीस अंश जास्त, म्हणजे दोनदा दुप्पट होऊन पुन्हा दुप्पट, आठपट वेग. गाडीतले दोन दिवस म्हणजे कपाटातले सोळा दिवस. वर्षभर टिकणाऱ्या पाकिटाच्या आयुष्यातून पंधरवडा गेला, एवढंच. शेगडीच्या वरचं कपाट मात्र रोज थोडं थोडं तापतं आणि ते वर्षानुवर्षं चालतं. गाडीतल्या त्या दोन दिवसांपेक्षा मला ते कपाट जास्त खटकतं. तेल आणि सुकामेवा तिथून आजच हलवा.

कारण या वेगाचा पहिला फटका बसतो स्निग्ध पदार्थांना. असंतृप्त तेलाचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनशी जोडले जातात, मग तुटतात, आणि तुकड्यांना तो ओळखीचा खवट वास येतो. अक्रोड, जवस, तीळ, कोंड्यासकट दळलेलं पीठ, हातसडीचे तांदूळ हे सगळे या बाबतीत नाजूक. मैदा आणि पॉलिश केलेले तांदूळ दम धरतात, कारण त्यांतला तेलाचा भाग आधीच काढून टाकलेला असतो. अक्रोड तपासायचा तर फोडून आतली पांढरी बाजू नाकाशी धरा. जुन्या रंगाच्या डब्यासारखा किंवा मेणखडूसारखा वास आला की खवट झाला. एकदा खवट घास खाल्ला म्हणून कुणी आजारी पडेल असं नाही, पण तो अन्न म्हणून संपलेला असतो. चॉकलेटवर आलेला राखाडी थर मात्र बुरशी नसते. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि पुन्हा गोठताना त्याचे स्फटिक वेगळे बसतात. ते खुशाल खा. कोरडं यीस्ट तापून मेलेलं असू शकतं. कोमट साखरपाण्यात घालून दहा मिनिटांत फेस येतो का बघा.

सीलबंद डब्यांचं गणित वेगळं. त्यात भरपूर पाणी असतं, म्हणून त्यांची सगळी मदार कारखान्यात दिलेल्या उष्णतेवर. १८९५ मध्ये विल्यम अंडरवूड नावाचे डबाबंद अन्नाचे व्यावसायिक शिंपल्यांचे फुगलेले डबे घेऊन अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत गेले. तिथल्या सॅम्युएल प्रेस्कॉट यांच्यासोबत त्यांनी दाखवून दिलं की काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे जाड कवचातली त्यांची सुप्त रूपं, उकळत्या पाण्याला पुरून उरतात. त्यांना मारायला दाबाखालची, १२१ अंशांच्या आसपासची वाफ लागते. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू असाच आहे. ४.६ पेक्षा जास्त सामू असलेल्या, म्हणजे आंबटपणा कमी असलेल्या, डब्यांना आजही त्याच्या हिशेबानं उष्णता देतात.

पण १२१ अंशांनाही पुरून उरणारे काही आहेत. जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस हा जिवाणू ५५ ते ६५ अंशांत सुखानं वाढतो. त्याचे बीजाणू चांगल्या डब्यातही शिल्लक असू शकतात. कपाटातल्या गारव्यात ते कधीच जागे होत नाहीत, म्हणून कारखाना त्यांची चिंता करत नाही. तापलेल्या गाडीत मात्र त्यांना हवी ती ऊब मिळते. डबा फुगत नाही, बाहेरून ठणठणीत दिसतो, आणि आतले मटार आंबून गेलेले असतात. हा जिवाणू विषारी नाही, तरी तो डबा टाकाच. म्हणूनच डबे ३० अंशांच्या खाली ठेवावेत आणि ३८ च्या वर जाऊ देऊ नयेत असं सांगतात. एखादी दुपार तापलेला, आकार न बिघडलेला डबा मी वापरीन. आठवडाभर तशा उन्हात राहिलेला नाही.

फुगलेला, गळणारा, शिवणीवर चेपलेला किंवा उघडताना फसकन उडणारा डबा चाखूनसुद्धा बघू नका. फुगवटा आंबट फळांच्या रसानं धातू कुरतडून झालेल्या हायड्रोजनचाही असू शकतो, पण ते बाहेरून कळत नाही, आणि बोट्युलिनम विषाला ना रंग ना वास. घरी भरलेल्या कमी आंबट भाज्यांच्या बरण्या आणि तेलात बुडवलेला लसूण यांना तर उष्णता लागली की विचार करत बसू नये. तेलाखाली हवा नसते, लसणात पाणी असतं, आंबटपणा जवळजवळ नसतो. त्या जंतूला याहून काही नको.

बाळाच्या दुधाच्या पावडरला सूट नको. मोठ्या माणसाच्या ताटात एका डब्यातलं जीवनसत्त्व घटलं तर दुसऱ्या पदार्थातून भरून निघतं. पहिल्या महिन्यांत बाळाचं सगळं जेवण त्या एकाच डब्यातून येतं. डब्यावर लिहिलेल्या तापमानापेक्षा बराच वेळ जास्त तापला असेल तर नवा आणा.

आणि आग लागून गेलेल्या घरातला किराणा वाचवू नका. ज्वाळांच्या जवळ डब्यांच्या शिवणी सैल होतात, आणि गार होताना डबा बाहेरची हवा, पाणी आत ओढतो. जळत्या प्लॅस्टिकचा धूर कागद, पुठ्ठा, पातळ पिशव्या आणि फिरकीच्या झाकणांमधूनही आत शिरतो. धुवून, उन्हात टाकून तो निघत नाही.