पाठ कामगाराची, उंची टेबलाची

यंत्रापुढे काम करणाऱ्या कामगाराची पाठ धरली की 'ताठ उभे राहत जा' हा सल्ला त्याला हमखास मिळतो. तो मुळात वाकतो कशासाठी, हे मात्र क्वचितच कोणी पाहते. बहुतेक वेळा टेबल बुटके असते किंवा सुट्या भागांची पेटी हाताच्या टप्प्याबाहेर ठेवलेली असते.

वाकल्यावर पाठीवर किती ताण येतो, याचा हिशेब तरफेच्या नियमाने करता येतो. कण्याला मागून सावरणारे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम 5 सेंटीमीटरवर असतात. 10 किलोची पेटी त्याच मध्यापासून 40 सेंटीमीटर पुढे धरली, तर तिचा तोल राखण्यासाठी या स्नायूंना आठपट, म्हणजे 80 किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. पुढे झुकलेल्या धडाचा भार वेगळाच. हा सारा दाब अखेर कमरेच्या मणक्यांमधील गादीवर येतो. कामाच्या जागेवरील सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील 'नायॉश' या सरकारी संस्थेने 1991 साली सुधारलेल्या, ओझे उचलण्याच्या सूत्रात म्हणूनच आदर्श स्थितीतही 23 किलोचीच मर्यादा धरली असून, वस्तू शरीरापासून जितकी लांब, तितकी ती मर्यादा खाली येते.

ओझे उचलणे निदान दिसते तरी; नुसते हात वर धरून ठेवण्याचे श्रम कोणी मोजत नाही. डोक्याच्या वर पाना धरून बोल्ट आवळणाऱ्याच्या खांद्याचे स्नायू आखडलेलेच राहतात, त्यांच्यातील रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि प्राणवायूचा पुरवठा नेमका गरजेच्या वेळी घटतो. चालताना स्नायू आळीपाळीने सैल होतात, म्हणून ते इतके थकत नाहीत. मणक्यांमधील गादीत तर रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. शरीर हलत राहिले की आजूबाजूने झिरपून येणाऱ्या पोषणावर ती जगते. त्यामुळे पुतळ्यासारखे ताठ उभे राहणे हाही काही उपाय नव्हे.

कमरेचा पट्टा बांधून दुखापत टळते, याला पुरेसा आधार नसल्याचे 'नायॉश'ने 1994 मध्येच म्हटले होते. तरीही तो सर्रास वाटला जातो, कारण टेबल बदलण्यापेक्षा ते सोपे असते. खरे तर जोर लावायच्या कामाचे टेबल कोपरापेक्षा खाली आणि बारीक कामाचे किंचित वर हवे. उंची कमी-जास्त करता येणारे टेबल असल्यास दोन पाळ्यांतील उंच-बुटक्या कामगारांची सोय होते. कामांची अदलाबदलही उपयोगी पडते, पण दुसऱ्या जागीही तेच खांदे राबणार असतील तर त्या बदलाने विश्रांती मिळत नाही.