डुकराच्या मांसावरचा शिक्का

नाताळ आला की वांद्रे-वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत सोरपोतेलची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या आंबट-तिखट कालवणाची, तयारी सुरू होते. मांस आणणाऱ्याची नजर चरबीवर असते, शिक्क्यावर क्वचितच. पशुवैद्यकाने जनावर आधी जिवंतपणी पाहिलं आणि कापल्यावर मांसही तपासलं, एवढं तो शिक्का सांगतो. मुंबई महापालिकेचं हे काम १९७१पासून देवनारला चालतं. त्याआधी मोठा कत्तलखाना वांद्र्याला होता.

तपासणीची ही पद्धत युरोपात घडली, आणि त्यात डुकराचा वाटा मोठा. १८३५ साली लंडनमध्ये जेम्स पॅजेट या विद्यार्थ्याला एका प्रेताच्या स्नायूंत गुंडाळी करून बसलेले बारीक कृमी दिसले. हेच त्रिचिनेला, डुकराच्या कच्च्या मांसातून माणसात येणारे. ते जीवघेणे असतात हे १८६० साली जर्मनीत ड्रेस्डेनला झेंकर या डॉक्टरने दाखवलं. पाच वर्षांनी हेडर्सलेबेन या तिथल्याच लहानशा गावात असं मांस खाऊन शंभरावर माणसं दगावली. तरीही खाटकांचा विरोध होताच. शेवटी १८७७ साली प्रशिया या जर्मन राज्यात सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी सक्तीची झाली.

आपल्याकडे जास्त धास्ती पट्टकृमीची (टेपवर्म). डुकराच्या मांसात त्याच्या अळ्या असतात. १८५५ साली क्युखनमायस्टर या जर्मन डॉक्टरने मृत्युदंडाच्या कैद्याला नकळत या अळ्या खाऊ घातल्या आणि शिक्षा झाल्यावर त्याच्या आतड्यात कोवळे कृमी शोधून काढले. (प्रयोग अंगावर काटा आणणारा, पण मांसातल्या अळीचाच माणसात पट्टकृमी होतो, हे कोडं सुटलं.) मांसात या अळ्या भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या दिसतात. म्हणून जीभ, हृदय आणि जबड्याचे स्नायू चिरून बघायचे.

मात्र मेंदूत अळी होऊन फिट्स येतात, त्याला खाल्लेलं मांस थेट कारण नसतं. पोटात पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी हातांवरून, पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. त्यामुळे शाकाहारीही सुटत नाही. डुकराला अळी होते तीही तीच विष्ठा खाऊन.

आपल्या २००१च्या नियमांनुसार एका पशुवैद्यकाने तासाला १२ आणि दिवसाला ९६हून जास्त जनावरं तपासायची नाहीत. म्हणजे एकाला पाच मिनिटं. युरोपने तर २०१४पासून तपासताना डुकरांचं मांस सरसकट चिरणं थांबवून नुसत्या नजरेच्या तपासणीवर भर दिला, कारण सुरीबरोबर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू एका धडावरून दुसऱ्यावर जातो. तो डोळ्यांना दिसतही नाही.

आणि जे डुक्कर नाल्याकाठी वाढतं, तिथेच कापलं जातं, त्याची जीभ कोणीच चिरून बघत नाही.