वापरलेले इंजिन तेल व घरगुती घातक कचरा

वाहनाच्या इंजिनातून बदलून काढलेल्या वंगणतेलाला गॅरेजमध्ये ‘जळकं ऑइल’ किंवा ‘काळं तेल’ म्हणतात. दुचाकीतून एका वेळी सुमारे ८०० मिलिलिटर ते १ लिटर, छोट्या मोटारीतून ३ ते ४ लिटर आणि ट्रॅक्टरमधून त्याच्या दुपटी-तिपटीने तेल निघते. कायद्याने हा घातक कचरा आहे आणि शुद्धीकरण कारखान्यासाठी तोच उत्तम कच्चा माल आहे. त्यात दुसरे काही मिसळले की नाही, यावर पुढचे सगळे ठरते.

इंजिन तेलाचा मोठा भाग मूळ तेलाचा (बेस ऑइल) असतो, उरलेला पूरक रसायनांचा. वापरात मूळ तेल फारसे झिजत नाही. संपतात ती पूरके, आणि वाढत जाते ती घाण: काजळी, न जळलेले इंधन, पाण्याचा अंश, लोखंड-तांबे-अ‍ॅल्युमिनियमचे कण. जस्त आणि फॉस्फरस मुळातच झीजरोधक पूरकातून आलेले असतात. अर्धवट ज्वलनातून तयार होणारी बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगेही तेलात साठत जातात. पूर्वी यात शिशाचे प्रमाणही मोठे असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यावर ते घटले.

प्रचलित पण घातक वापर

महाराष्ट्रात हे तेल क्वचितच वाया जाते आणि हीच अडचण आहे. वाळवी लागू नये म्हणून घराचे वासे, रिपा, कुंपणाचे खांब यांना ते फासतात. लाकडात ते खोल मुरत नाही. पावसाळ्यात धुऊन अंगणात उतरते आणि आतल्या गाभ्याला वाळवी लागायची ती लागतेच. वाळवीसाठी बोरॉनयुक्त लाकूडरक्षक किंवा जमिनीत पुरायच्या टोकाला डांबर हे उपाय अधिक टिकाऊ आहेत. बांधकामावर सेंट्रिंगच्या प्लेटींना जळके तेल लावले की काँक्रीटच्या पृष्ठभागावर काळे डाग पडतात आणि तिथे गिलावा नीट धरत नाही. त्यासाठी वेगळे शटरिंग तेल मिळते.

डासांच्या अळ्या मारण्यासाठी गटारात तेल ओतले तर अळ्या मरतात हे खरे. तवंगामुळे त्यांना श्वास घेता येत नाही. पण त्याच तवंगाखाली बेडूक, मासे आणि अळ्या खाणारे कीटकही मरतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात ते सगळे नाल्यातून नदीत जाते. सर्वांत क्रूर वापर म्हणजे खरूज झालेल्या कुत्र्याच्या किंवा गोचीड लागलेल्या जनावराच्या अंगाला ते चोळणे. जनावर अंग चाटते, विष पोटात जाते, कातडी सोलली जाते. पशुवैद्यकाकडे यावर सुरक्षित औषधे आहेत आणि ती महागही नाहीत. दुचाकीच्या साखळीला लावलेले जळके तेल वंगणाबरोबर धातूची बारीक पूडही कड्यांत नेते. चुलीत, वीटभट्टीत किंवा उघड्यावर ते जाळले तर त्यातले धातू धुराबरोबर हवेत जातात.

घरी तेल बदलताना

इंजिन पाचएक मिनिटे चालवून बंद करावे. थंड तेल घट्ट असल्याने गाळ तळाशीच राहतो. कढत तेलाने हात भाजतो. कोमट असताना गाडी सपाट जागी उभी करावी, रबरी हातमोजे घालावेत आणि आधी वरचे भरण्याचे झाकण उघडावे, म्हणजे हवा आत जाऊन तेल सलग उतरते. खाली धरायचे घमेले निघणाऱ्या तेलाच्या निदान दीडपट मापाचे असावे. तेल काढण्याचा तळाचा बोल्ट (ड्रेन बोल्ट) पान्याने सैल करून शेवटचे आटे हाताने, बोल्ट आत दाबून धरत फिरवावेत. तसे न केल्यास धार बाहेर उडते आणि बोल्ट घमेल्यात बुडतो. १५ ते २० मिनिटे थेंब निथळू द्यावेत. बोल्टचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा घालावा. जुना वॉशर दबलेला असतो, म्हणून गळती होते. ती थांबवायला लोक बोल्ट जादा आवळतात आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे (तेल साठणाऱ्या तळाच्या भागाचे) आटे मरतात.

मोटारीच्या फिल्टरमध्ये पाव लिटरपर्यंत तेल अडकून राहू शकते. त्याच्या बंद टोकाला भोक पाडून तो उबदार जागी बारा तास घमेल्यावर निथळत ठेवावा. असा रिता झालेला फिल्टर भंगारात धातू म्हणून जाऊ शकतो.

काढलेले तेल नव्या तेलाच्या रिकाम्या कॅनमध्येच भरावे. पाण्याची किंवा थंड पेयाची बाटली वापरू नये, कारण लहान मूल ती तोंडाला लावू शकते. कीटकनाशकाचा डबा तर मुळीच नको. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव), ब्रेक ऑइल, रॉकेल, थिनर, पेट्रोल यांतले काहीही या कॅनमध्ये जाऊ नये. ताज्या इंजिन तेलाची वाफ पेट घेण्यासाठी ते २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापावे लागते. थोडे पेट्रोल पडले की तोच कॅन खोलीच्या तापमानालाही धोकादायक होतो. कूलंटमधले ग्लायकॉल शुद्धीकरणाच्या यंत्रात चिकट थर धरते आणि क्लोरीनयुक्त द्रावकांपासून तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन नळ्या खाल्ल्या जातात. म्हणून एका गॅरेजने बॅरलमध्ये ओतलेला असा द्रावक अख्खा टँकर नाकारला जाण्यास पुरेसा असतो.

सांडलेल्या तेलावर पाणी मारू नये. लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू पसरून, घासून, ती वेगळ्या पिशवीत भरावी. नव्या तेलाचा रिकामा कॅन भंगारवाल्याला देताना टोपण तोडावे आणि कॅन उभा चिरावा. गाळून रंग उजळवलेले जुने तेल नामांकित कंपन्यांच्या धड कॅनमध्ये भरून विकले जाते. त्या धंद्याला लागतो तो हाच कॅन.

पुनर्शुद्धीकरण

कारखान्यात आधी तेल गाळून तापवले जाते, तेव्हा पाणी आणि हलके इंधन उडते. नंतर निर्वात ऊर्ध्वपातन होते. हवेच्या नेहमीच्या दाबाला तेल उकळण्याआधीच त्याचे रेणू तुटू लागतात, म्हणून दाब खूप कमी ठेवून, बहुधा पातळ थरात फिरवून, त्याची वाफ केली जाते. शेवटी विशिष्ट मातीने किंवा हायड्रोजनच्या प्रक्रियेने रंग, वास आणि गंधक काढतात. तळाशी उरलेला काळा अवशेष डांबरात मिसळता येतो. जुन्या पद्धतीत तेलात तीव्र गंधकाम्ल घालत. तिचा खर्च कमी, पण मागे उरणारा आम्लयुक्त गाळ मूळ तेलापेक्षाही घातक. भारतीय नियमांत ही पद्धत आता मान्य नाही.

२०१६ च्या घातक कचरा नियमांत ‘वापरलेले तेल’ आणि ‘टाकाऊ तेल’ असे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्यातून पुन्हा वंगण करता येते. दुसरे, म्हणजे टाक्यांच्या तळाचा गाळ किंवा रिफायनरीत सांडलेले तेल, ठरलेल्या मर्यादांत बसले तर भट्टीत इंधन म्हणून वापरता येते. पुनर्शुद्धीकरणासाठी जाणाऱ्या तेलात शिसे १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आत असावे लागते. व्यावसायिक साठा ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. बॅरलवर चकाकत्या पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत इशारा लावायचा असतो, तोही हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत. वाहतुकीबरोबर सात प्रतींचे चलन (माल कुठून कुठे गेला याची लेखी नोंद) जाते. १ एप्रिल २०२४ पासून वंगणतेलाच्या उत्पादक-आयातदारांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्चक्रणाची जबाबदारीही आली आहे.

घरच्या माणसासाठी स्वतंत्र संकलन केंद्रे विरळच आहेत. व्यवहारात, ज्या सर्व्हिस सेंटरचा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्शुद्धकाशी करार आहे, तिथे कॅन नेऊन देणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. चलन दाखवता का, हे विचारावे. फिरत्या खरेदीदाराला दिलेले तेल बहुतेक वेळा भट्टीत किंवा बनावट कॅनमध्ये जाते.

इतर घरगुती घातक कचरा

२०१६ च्या घनकचरा नियमांनी रंगांचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल व ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, फुटलेले पाऱ्याचे तापमापक, वापरलेल्या बॅटऱ्या आणि सुया यांना घरगुती घातक कचरा ठरवले आणि दर २० चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र काढण्याचे काम स्थानिक संस्थांना दिले.

पारा सांडला तर पंखा बंद करून खिडक्या उघडाव्यात. केरसुणी पाऱ्याचे थेंब बारीक करून पसरवते, म्हणून जाड पुठ्ठ्याने ते एकत्र करावेत, उरलेले कण चिकटपट्टीने उचलावेत आणि सगळे झाकणाच्या बरणीत बंद करावे. कीटकनाशकाचा डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच घालावे आणि डब्याला भोके पाडावीत. लिथियम बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचऱ्यात द्यावी. ओल्या कचऱ्याच्या गाडीत दबली तर पेट घेते. गाडीची जुनी बॅटरी आम्ल न सांडता, उभी ठेवून, नवी घेताना दुकानदारालाच परत द्यावी. अळशीचे तेल किंवा वॉर्निश पुसलेल्या चिंध्या चुरगळून ठेवल्यास सुकताना तापतात आणि आपोआप पेटू शकतात. त्या उघड्यावर पसरून कडक होईपर्यंत वाळवाव्यात. उरलेला पाण्यात मिसळणारा रंग वाळूत किंवा सिमेंटमध्ये कालवून घट्ट झाल्यावर सुक्या कचऱ्यात जाऊ शकतो. ऑइल पेंट आणि थिनर मात्र घट्ट बंद डब्यातच जमा केंद्रावर न्यावेत.