अमेरिकेतल्या यू.एस. ॲटर्नीची नेमणूक: पात्रता, कागदपत्रे आणि १२० दिवसांचे गणित

अमेरिकेतल्या बातम्या वाचताना दोन पदांची गल्लत हमखास होते. ‘डिस्ट्रिक्ट ॲटर्नी’ हा काउंटीचा सरकारी वकील. बहुतेक राज्यांत तो निवडणूक लढवून येतो, आणि बऱ्याचदा एखाद्या पक्षाचा उमेदवार म्हणूनच. ‘यू.एस. ॲटर्नी’ हा केंद्र सरकारचा वकील. त्याला राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट मंजुरी देते. केंद्रीय न्यायालयांचे जिल्हे ९४ आहेत आणि यू.एस. ॲटर्नी ९३, कारण ग्वाम आणि उत्तर मारियाना बेटे यांना मिळून एकच. आपल्या जिल्ह्यात केंद्रीय कायद्याखाली कोणावर खटला भरायचा आणि कोणावर नाही, हे त्याच्या कार्यालयात ठरते. सरकारविरुद्धच्या दिवाणी दाव्यांतही बाजू तेच कार्यालय मांडते. न्यू जर्सीत मराठी वस्ती मोठी आहे. तिथे व्हिसाच्या नावाखाली कोणी लोकांना फसवले, तर तो केंद्रीय खटला याच कार्यालयातून चालतो.

एवढा अधिकार हातात असल्यामुळे या पदावर दोन्ही पक्षांचा डोळा असतो. शिवाय इथून पुढे राजकारणाची वाट निघते. रुडी जुलियानी न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याचे यू.एस. ॲटर्नी होते, मग महापौर झाले. ख्रिस ख्रिस्ती न्यू जर्सीचे यू.एस. ॲटर्नी होते, मग गव्हर्नर झाले.

पात्रता

कायद्यात पात्रतेच्या अटी आश्चर्य वाटावे इतक्या थोड्या आहेत. १७८९ च्या न्यायालय कायद्यात ‘कायद्याचे ज्ञान असलेली योग्य व्यक्ती’ एवढेच म्हटले होते. आजच्या केंद्रीय कायदेसंग्रहाच्या २८ व्या शीर्षकातल्या कलम ५४१ मध्ये वयाची किंवा वकिलीच्या किमान वर्षांची अट नाही. मुदत चार वर्षांची. ती संपली तरी उत्तराधिकारी येईपर्यंत माणूस पदावर राहतो, आणि राष्ट्राध्यक्ष त्याला केव्हाही काढू शकतात. न्याय खात्यात वकील म्हणून पगार घ्यायचा तर कोणत्या ना कोणत्या राज्याचा वकिलीचा परवाना चालू असावा लागतो. कलम ५४५ प्रमाणे राहायचे त्याच जिल्ह्यात. वॉशिंग्टन शहर आणि न्यूयॉर्कचे दक्षिण व पूर्व जिल्हे यांना २० मैलांची सूट आहे.

व्यवहारात निवड होते ती खटले चालवण्याच्या अनुभवावर आणि राजकीय ओळखीवर. त्याच कार्यालयातले सहायक वकील, म्हणजे ‘असिस्टंट यू.एस. ॲटर्नी’, ही वेगळी नोकरी आहे. त्यांना ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, नेमतात; सिनेटचा संबंध येत नाही. कायद्याचे शिक्षण घेऊन सरकारी वकिलीत शिरायचे असेल, तर खरा दरवाजा हा आहे. तिथे नागरिकत्व आणि पदवीनंतरचा किमान एक वर्षाचा अनुभव साधारणपणे मागतात. नुसते ग्रीन कार्ड पुरत नाही.

अर्ज कुठून सुरू होतो

जागा रिकामी झाली की पहिली हालचाल बहुधा त्या राज्याच्या सिनेटरांकडे होते. बऱ्याच राज्यांत सिनेटर वकिलांची छाननी समिती नेमतात आणि अर्ज मागवतात. बायोडेटा, परवान्याचा तपशील, प्रश्नावली, स्वतः लिहिलेल्या कायदेशीर मजकुराचे नमुने, आणि ज्यांच्याविरुद्ध खटले लढवले अशा वकिलांसह संदर्भांची नावे, असे त्याचे साधारण स्वरूप. समिती मुलाखती घेते आणि सिनेटर नावे व्हाइट हाउसला कळवतात. राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या पक्षाचे असले, तर हा टप्पा गाळून नाव थेट व्हाइट हाउसमधून येण्याची शक्यता वाढते. पुढच्या भांडणाचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

नाव पक्के होत आले की न्याय खात्यात मुलाखत होते, मग एफबीआयची पार्श्वभूमी तपासणी. ती समाधानकारक झाली की राष्ट्राध्यक्ष नामनिर्देशन सिनेटला पाठवतात.

कागदपत्रे

तीन कागद महत्त्वाचे. पहिला एसएफ-८६, सुरक्षा तपासणीची प्रश्नावली. त्यात दहा वर्षांचे राहण्याचे पत्ते आणि नोकऱ्या, सात वर्षांचे परदेश प्रवास, परदेशातले नातेवाईक आणि परदेशातली मालमत्ता, सगळे येते. भारतीय वंशाचे अर्जदार इथे अडखळतात. पुण्यातला वडिलोपार्जित फ्लॅट, आईबरोबरचे बँकेतले संयुक्त खाते, गावाकडच्या जमिनीतला हिस्सा, या गोष्टी ‘आपल्या नाहीत, घरच्यांच्या आहेत’ असे समजून राहून जातात. त्या लिहायच्याच. भारतात मालमत्ता असणे हा दोष नाही. ती न सांगणे हा दोष ठरू शकतो, आणि जाणूनबुजून खोटे लिहिणे हा केंद्रीय गुन्हा आहे. सात-बारा आणि पासबुकांच्या प्रती आधीच मागवून ठेवल्या तर तारखा आणि रकमा अंदाजाने भराव्या लागत नाहीत.

दुसरा कागद २७८-ई, आर्थिक माहितीचा सार्वजनिक फॉर्म. १,००० डॉलरपेक्षा जास्त किमतीची गुंतवणूक किंवा २०० डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न देणारी मालमत्ता, आणि १०,००० डॉलरपेक्षा मोठी कर्जे दाखवायची. जोडीदाराची गुंतवणूकही यात येते. नामनिर्देशन सिनेटकडे गेल्यापासून पाच दिवसांत हा फॉर्म द्यावा लागतो, म्हणून तो आधीच तयार ठेवतात.

तिसरा कागद सिनेटच्या न्यायविषयक समितीची प्रश्नावली: नोकऱ्या, लेख, भाषणे, मुलाखती, महत्त्वाचे खटले आणि राजकीय काम. कोणत्या पक्षासाठी, कोणत्या उमेदवाराच्या प्रचारात काय पद सांभाळले, हे स्वच्छ विचारलेले असते. हा भाग प्रसिद्ध होतो आणि विरोधी पक्षाचे कर्मचारी तो ओळ न ओळ वाचतात. जुन्या पॉडकास्टमधले एखादे विधान यादीत आले नाही, तर विधानापेक्षा ते वगळल्याचाच गाजावाजा होतो.

निळी चिठ्ठी आणि सिनेटचे मतदान

समितीचे अध्यक्ष त्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांना एक निळा कागद पाठवतात. याला ‘ब्लू स्लिप’ म्हणतात, आणि ही प्रथा सुमारे १९१७ पासूनची आहे. कायद्यात तिचा उल्लेख नाही, तरी एकाने जरी कागद परत केला नाही तरी नाव समितीतच अडते. अपील न्यायालयांच्या न्यायाधीशांसाठी ही प्रथा आता पाळली जात नाही. जिल्हा न्यायाधीश आणि यू.एस. ॲटर्नी यांच्यासाठी ती टिकून आहे. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ती मोडायचा आग्रह धरला, पण त्यांच्याच पक्षाचे समिती अध्यक्ष चक ग्रासली यांनी ती ठेवली. वॉशिंग्टन शहराला सिनेटरच नाहीत, त्यामुळे तिथे निळी चिठ्ठीही नाही. तिथल्या नावाचा निकाल थेट मतांवर लागतो. ट्रम्प यांनी तिथे सुचवलेले एड मार्टिन यांच्याकडे समितीत पुरेशी मते नव्हती, कारण रिपब्लिकन सिनेटर थॉम टिलिस यांनीच विरोध केला. त्यांचे नाव मागे घ्यावे लागले, आणि नंतर जनीन पिरो यांना ५०–४५ अशी मंजुरी मिळाली.

यू.एस. ॲटर्नीच्या उमेदवाराची समितीत सहसा प्रत्यक्ष सुनावणी होत नाही. कागद पाहून मतदान होते. सभागृहात अनेक वर्षे ही नावे आवाजी मतदानाने जात. ती सवय मोडली. डिसेंबर २०२१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या रेचल रॉलिन्स यांच्यासाठी मते ५०–५० पडली आणि उपाध्यक्ष कमला हॅरिस यांना निर्णायक मत द्यावे लागले. जून २०२३ मध्ये ट्रम्प यांच्यावरील केंद्रीय आरोपपत्रानंतर तेव्हाचे रिपब्लिकन सिनेटर जे. डी. व्हान्स यांनी न्याय खात्याची नावे अडवून धरली. २०२५ मध्ये डेमोक्रॅटिक सिनेटर डिक डर्बिन यांनी तेच हत्यार उलटे फिरवले. अडवल्याने नाव पडत नाही. २०१३ पासून चर्चा थांबवायला साधे बहुमत पुरते आणि २०१९ पासून त्यानंतरची चर्चा दोन तासांवर आली आहे. मात्र सिनेटचा वेळ जातो, आणि अधिवेशन संपले की न झालेली नावे राष्ट्राध्यक्षांकडे परत जातात.

१२० दिवस

खरी गोंधळाची जागा ही. सिनेटची मंजुरी नसताना खुर्ची भरण्याचे मार्ग कायद्याने आखून दिले आहेत, आणि प्रत्येकाला मुदत आहे.

कलम ५४६ प्रमाणे ॲटर्नी जनरल १२० दिवसांसाठी हंगामी यू.एस. ॲटर्नी नेमू शकतात. ते संपले की त्या जिल्ह्याचे न्यायाधीश नेमणूक करू शकतात, जागा नियमित भरेपर्यंत. दुसरा मार्ग १९९८ च्या रिक्त पदांच्या कायद्याचा. त्यात कार्यालयातला पहिला सहायक, म्हणजे क्रमांक दोनचा वकील, ‘प्रभारी’ होतो, साधारण २१० दिवसांसाठी. नवे राष्ट्राध्यक्ष आल्यावर ही मुदत ३०० दिवस होते.

१२० दिवसांची ही मर्यादा २००६ मध्ये दहशतवादविरोधी पेट्रियट कायद्याच्या नूतनीकरणात गुपचूप काढली गेली होती. त्याच वर्षी ७ डिसेंबरला सात यू.एस. ॲटर्नींना एकाच दिवशी जायला सांगण्यात आले. त्यांपैकी न्यू मेक्सिकोचे डेव्हिड इग्लेसियस यांनी काँग्रेससमोर साक्ष दिली की निवडणुकीच्या तोंडावर सिनेटर पीट डोमेनिची आणि स्वतः अटीतटीच्या लढतीत असलेल्या खासदार हेदर विल्सन यांनी फोन करून आरोपपत्रांबद्दल विचारले होते. २००७ मध्ये ॲटर्नी जनरल अल्बर्टो गोन्झालेस यांना जावे लागले आणि १२० दिवसांची मर्यादा परत आली. तिच्यामागे हा कडू अनुभव आहे, म्हणून तिला कारकुनी बाब समजू नये.

२०२५ मध्ये वाद पेटला तो याच मोजणीवर. न्यू जर्सीत ट्रम्प यांच्या माजी वैयक्तिक वकील अलिना हब्बा मार्चमध्ये हंगामी झाल्या. दोन्ही डेमोक्रॅटिक सिनेटरांनी निळी चिठ्ठी दिली नाही. जुलैत न्यायाधीशांनी पहिल्या सहायक डेझिरी ग्रेस यांना नेमले. ॲटर्नी जनरल पॅम बाँडी यांनी ग्रेस यांनाच काढले, हब्बा यांना पहिल्या सहायकाच्या जागी बसवले आणि ‘प्रभारी’ ठरवले. ऑगस्टमध्ये जिल्हा न्यायाधीश मॅथ्यू ब्रान यांनी आणि १ डिसेंबरला तिसऱ्या विभागाच्या अपील न्यायालयाने हे बेकायदा ठरवले. अपील न्यायालयाच्या मते जागा रिकामी होताना जो पहिला सहायक असतो, तोच आपोआप प्रभारी होतो. मागाहून कोणाला तिथे बसवून हा नियम लागू करता येत नाही. आठवड्याभरात हब्बा यांनी राजीनामा दिला.

व्हर्जिनियाच्या पूर्व जिल्ह्यात एरिक सीबर्ट २१ जानेवारीला हंगामी झाले. १२० दिवस २१ मेला संपले, पुढे न्यायाधीशांनी त्यांनाच ठेवले. सप्टेंबरमध्ये त्यांना जावे लागले आणि बाँडी यांनी लिंडसी हॅलिगन यांना पुन्हा ‘हंगामी’ म्हणून नेमले. काही दिवसांतच एफबीआयचे माजी प्रमुख जेम्स कोमी यांच्यावर आरोपपत्र आले, नंतर न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांच्यावर. न्यायाधीश कॅमेरॉन करी यांनी २४ नोव्हेंबरला दोन्ही आरोपपत्रे रद्द केली: १२० दिवस जागेला एकदाच मिळतात, माणूस बदलला म्हणून घड्याळ शून्यावर येत नाही.

नेवाडात सिगल चाटा यांची, ज्या २०२२ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलपदाच्या रिपब्लिकन उमेदवार होत्या, आणि कॅलिफोर्नियाच्या मध्य जिल्ह्यात बिल एसेली यांची नेमणूकही न्यायाधीशांनी बेकायदा ठरवली. पण तिथली आरोपपत्रे टिकली. हा फरक नीट समजून घ्यावा. तिथे खटल्यांमागे रीतसर नेमलेले सहायक वकील होते. व्हर्जिनियात ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे आरोपपत्राला मंजुरी देणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, हॅलिगन एकट्याच गेल्या होत्या.

पदावर असताना

१९३९ च्या हॅच कायद्याप्रमाणे पदावर राहून पक्षीय निवडणूक लढवता येत नाही. आधी राजीनामा, मग उमेदवारी. न्याय खात्याच्या नियमपुस्तिकेप्रमाणे निवडणुकीवर परिणाम व्हावा म्हणून तपासाची वेळ ठरवणे निषिद्ध आहे, आणि मतदानाआधीच्या साठ दिवसांत राजकीय खटल्यात जाहीर पाऊल टाळायचे, असा अलिखित संकेत आहे. वर उल्लेख आलेल्या रॉलिन्स यांनी मे २०२३ मध्ये पद सोडले. आपल्या जुन्या डिस्ट्रिक्ट ॲटर्नी पदाच्या निवडणुकीत एका उमेदवाराचे नुकसान व्हावे म्हणून त्यांनी खात्यातली माहिती पत्रकाराला पुरवली, असा निष्कर्ष खात्याच्या महानिरीक्षकांनी काढला होता.

केंद्रीय खटल्याचा कागद हाती आला तर शेवटच्या पानावरची सही आणि तिच्याखालचे पदनाम आधी वाचावे: यू.एस. ॲटर्नी, प्रभारी, हंगामी, की ‘स्पेशल ॲटर्नी’ (ॲटर्नी जनरलनी खास नेमलेला वकील). शेजारी सहायक वकिलाची सही आहे का, तेही पाहावे. नेमणुकीवरचा आक्षेप केंद्रीय फौजदारी कार्यपद्धतीच्या नियम १२ प्रमाणे खटला उभा राहण्यापूर्वीच, न्यायाधीशांनी दिलेल्या तारखेच्या आत, लेखी घ्यावा लागतो. ती तारीख गेली की मुद्दा बरोबर असूनही बहुधा हातचा जातो.