भाडं, छप्पर आणि कामाचे दिवस : परमुलखातल्या शेतमजुरांच्या नियमांची पार्श्वभूमी

धानाची मळणी उरकली की मूल, सावली, गोंडपिपरीकडच्या गावांतून गाड्या भरभरून माणसं तेलंगणात मिरची तोडायला निघतात. मुक्काम तिथेच, शेताच्या कडेला. मजुरी कधी रोखीत, कधी वाळल्या मिरचीत. इकडे वऱ्हाडात कापूस वेचायला मध्य प्रदेशातून टोळ्या येतात, आणि मेळघाटातले कोरकू हंगाम धरून सपाटीवर उतरतात, होळीला परततात. विदर्भ मजूर पाठवतो आणि बोलावतोही. त्यामुळे बाहेरून आणलेल्या हंगामी मजुराला काय द्यायचं, त्याला किती बांधून ठेवायचं, हा प्रश्न आपल्याला दोन्ही बाजूंनी भिडतो.

गावातल्या सालदारासाठी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यासाठी, लेखी नियम नव्हता. कुठे पाडव्याला, कुठे अक्षय्य तृतीयेला साल ठरायचं. पैसे, धान्य, कपडे सगळं तोंडी. यात सालदाराची पिळवणूक होत नसे असं मुळीच नाही. पण दोघं एका गावचे, चार माणसं साक्षीला. अनोळखी मुलखातला मजूर आला की ही साक्षच उरत नाही. तिथून कायद्याची गरज सुरू होते.

दुर्दैव हे की पहिले कायदे मजुराच्या बाजूचे नव्हते. ब्रिटिश साम्राज्यात 1834 मध्ये गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडू लागली. मग हिंदुस्थानातून पाच वर्षांच्या करारावर मजूर मॉरिशसला, पुढे गयाना, त्रिनिदाद, फिजीला नेले. करार म्हणजे अ‍ॅग्रीमेंट, त्याचं आपल्या माणसांनी केलं गिरमिट. मॉरिशसमध्ये आजही मराठी समाज आहे, त्याची मुळं मुंबई बंदरातून गेलेल्या या जहाजांत आहेत. कागदावर मजुरी, घर, औषधपाणी सगळं होतं. पण कामावर न जाणं हा गुन्हा होता आणि त्याला तुरुंग होता. ही भरती 1917 मध्ये थांबली.

देशातही हीच रीत होती. 1859 च्या कायद्याने, उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी देता येत असे. हा कायदा पुसायला 1925 साल उजाडलं. कायदा गेला, पण उचलीची पकड गेली नाही. आजही मुकादमाची उचल अंगावर असताना घरी परतणं किती अवघड असतं, हे टोळीतल्या कुणालाही विचारावं. आसामच्या चहामळ्यांसाठी 1932 मध्ये वेगळा कायदा झाला. तीन वर्षं काम केलेल्या मजुराला मालकाच्या खर्चाने घरी परतण्याचा हक्क त्यात होता. माझ्या मते ही छोटीशी तरतूद फार मोलाची, कारण मजूर कधीतरी घरी जाणार आहे हे तिने गृहीत धरलं.

परदेशी शेतमजुरांच्या आजच्या नियमांचा साचा मात्र अमेरिकेत घडला. दुसऱ्या महायुद्धात शेतावर माणसं मिळेनात, म्हणून ऑगस्ट 1942 मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी करार केला. ब्रासेरो म्हणजे हातांनी राबणारा. योजनेचं नाव तेच पडलं. जाण्यायेण्याचं भाडं, राहायला जागा आणि करारातल्या दिवसांपैकी निदान तीन चतुर्थांश दिवस काम, अशी हमी त्यात होती. 1964 अखेर योजना बंद होईपर्यंत सुमारे 46 लाख करार झाले. हमी कागदावर राहिल्याच्या तक्रारी ढीगभर आल्या. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतून दहा टक्के कापून मेक्सिकोतल्या बँकेत ठेवले जात, ते अनेकांच्या हाती कधी पडलेच नाहीत.

1986 मध्ये अमेरिकेने शेतीसाठी एच-टू-ए हा हंगामी व्हिसा वेगळा काढला. मालकाने आधी स्थानिक मजूर शोधायचे. ते मिळत नाहीत हे सरकारला पटवायचं. स्थानिकांची मजुरी पडू नये म्हणून सरकारने ठरवलेल्या किमान दराखाली जायचं नाही. राहण्याची सोय फुकट, निम्मा करार झाला की येण्याचं भाडं, पूर्ण झाला की परतीचं, आणि पाऊण कामाची हमी. दुखरी नस एकच : व्हिसा मालकाला जोडलेला. मालक वाईट निघाला तर सहसा सहन करायचं किंवा देश सोडायचा. कॅनडानेही 1966 पासून जमैकाचे, 1974 पासून मेक्सिकोचे मजूर जवळपास याच धर्तीवर आणले.

आपल्याकडे चहामळ्यांबाहेरच्या मजुरासाठी भाडं आणि छप्पर कायद्यात आलं ते ओडिशामुळे. तिथे सरदार नावाचे दलाल उचल देऊन मजूर परराज्यात नेत, त्याला दादन म्हणत. त्यातून 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. ठेकेदाराला परवाना, मजुराला फोटोसह पासबुक, प्रवासभत्ता, निवारा, औषधोपचार आणि वर महिन्याच्या निम्म्या मजुरीइतका विस्थापन भत्ता. कोणताही व्यवसाय चालणारी जागा त्याच्या व्याख्येत येत होती, म्हणजे शेत बाहेर नव्हतं. पण सगळा कायदा ठेकेदार आणि किमान पाच मजूर यांवर उभा होता. आपल्या पायाने गेलेला मजूर त्यात बसत नव्हता, आणि मुकादम म्हणायचा, मी ठेकेदार नाही, मी तर यांच्यातलाच एक.

याची किंमत 2020 च्या टाळेबंदीत दिसली. मिरचीला गेलेली माणसं तेलंगणातून पायी निघाली. छत्तीसगडच्या विजापूरकडे निघालेली बारा वर्षांची एक मुलगी घर थोड्या अंतरावर असताना वाटेतच दगावली. अशा अनेक मजुरांची कुठे नोंदच नव्हती.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. स्वतःहून गेलेला मजूरही आता स्थलांतरित धरला जातो, ही खरी सुधारणा. मात्र विस्थापन भत्ता गेला, कामाच्या दिवसांची हमी आलीच नाही, आणि किमान पाच मजुरांची अट दहावर गेली. मिरचीच्या हंगामात वीस जणांची टोळी महिन्याभरात चार शेतकऱ्यांकडे राबते, कुणाकडे आठ दिवस, कुणाकडे पाच. गर्दीच्या दिवसांत तीच टोळी पाच-पाच जणांत वाटली जाते. तेव्हा प्रत्येक धुऱ्यावर पाचच मजूर असतात, आणि वीसही जणांच्या परतीच्या भाड्याला कायद्याच्या हिशेबात मालक सापडणं अवघड होतं.