कापलेला पाय दुखतो, तेव्हा तो खरंच दुखतो

गुडघ्याखाली पाय काढलेला माणूस सांगतो, "अंगठा खाजतोय, तळव्याची आग होतेय." घरचे समजूत घालतात, "मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नका." कुणी तर म्हणतं, कापलेला पाय नीट पुरला नसेल. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि पहिली जास्त क्रूर, कारण त्यानंतर तो माणूस बोलायचंच थांबवतो.

१६व्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रोआझ पारे यांनी ही तक्रार नोंदवली होती. १८७१ मध्ये अमेरिकी डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी तिला 'फँटम लिंब' (नसलेल्या अवयवाचा भास) म्हटलं. त्यांनी यादवी युद्धातले जखमी सैनिक तपासले होते.

पाय जातो, पण मेंदूतली पायाची जागा जात नाही. शिवाय कापलेल्या नसांच्या टोकांना गाठी धरतात आणि तिथून संदेश निघतच राहतात. मेंदू ते पायाचेच समजतो.

हात काढला की मेंदूतली त्याची रिकामी जागा शेजारचा चेहऱ्याचा भाग बळकावतो, असं अनेक वर्षं शिकवलं गेलं. पण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिघांचे मेंदू हात काढण्याआधी आणि नंतर तपासले, तेव्हा मेंदूतला हाताचा नकाशा, म्हणजे हाताची ती जागा, जवळपास तशीच सापडली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांच्या आरशाच्या उपायाने (धडधाकट अवयवाचं प्रतिबिंब गेलेल्या अवयवाच्या जागी दिसतं) काहींना आराम पडतो, सगळ्यांना नाही. नसांच्या दुखण्यावरची औषधंही असतात. म्हणून ही वेदना डॉक्टरांना जरूर सांगा: कुठे, कधी, कशी.